शेवटच्या जागेसाठी पहिला नंबर

शास्त्राचा अर्थ सांगणं वेगळं आणि तो स्वतःला लावून घेणं वेगळं. पहिल्या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. दुसऱ्या कामात मी जे दिवे लावले त्यावर आमच्या गटातली माणसं अजून माझ्यादेखत हसतात. मी नसताना जास्त मोकळेपणानं हसत असतील.

गट म्हणजे कतारमध्ये, दोहा शहरातली आम्ही मोजकी मराठी ख्रिस्ती कुटुंबं. शुक्रवारी सकाळी अबू हमूरजवळच्या चर्चच्या आवारात उपासना. तिथं गाडी लावायला जागा शोधता शोधता पहिलं गीत निघून जातं आणि फाटकावरच्या तपासणीच्या रांगेत दुसरं. त्यामुळं मी कायम प्रार्थनेलाच पोचतो आणि लोकांना वाटतं हा माणूस भलताच प्रार्थनाशील आहे. उपासनेनंतर कुणाच्या तरी घरी जेवण आणि जेवणाआधी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा अभ्यास. हा शास्त्रपाठ काका घ्यायचे. काका माझ्यासारखेच मेसईदला नोकरीला, खताच्या कारखान्यात. आमच्यातले सर्वांत जुने, म्हणून सगळ्यांचे काका. त्यांचा एक नियम होता. वचन वाचून नुसतं आमेन म्हणून ताटावर बसायचं नाही. जे वाचलं ते आठवडाभर स्वतःला लावून बघायचं आणि पुढच्या शुक्रवारी काय झालं ते सांगायचं. कपड्यांच्या दुकानात सदरा अंगाला लावून बघतो तसं ते म्हणायचे, "लावून बघा. बसतोय का बघा."

मला कुठलाच सदरा बसत नव्हता. पण लावायची हौस दांडगी.

एक मैल चल म्हणणाऱ्याबरोबर दोन मैल जावं, हे वाचलं त्या आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला घरापर्यंत सोड म्हटलं. मी त्याला घरापर्यंत नेलं आणि तसाच पुढं तेवढंच अंतर आणखी घेऊन गेलो. तो बिचारा खिडकीतून मागं जाणाऱ्या आपल्या घराकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या बसनं जायला लागला. क्षमेचा धडा झाला तेव्हा मी दुसऱ्या एका सहकाऱ्याला कँटीनमध्ये गाठून मोठ्या मनानं सांगितलं की मी तुला क्षमा केली आहे. आपण काही केलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. काय केलं म्हणून त्यानं विचारलं, मी सविस्तर सांगितलं, आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

इतकं होऊनही काका निवृत्त होऊन सोलापूरला परत जाणार हे कळलं, तेव्हा त्यांच्या जागी मी यावं असं मला आतून वाटायला लागलं. आतून म्हणजे अगदी खोलवरून. त्याचं कारण माझे वडील.

पप्पा जालन्याजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. गावातल्या छोट्या चर्चमध्ये पाळकसाहेब दर रविवारी येऊ शकत नसत. बरीच गावं त्यांच्याकडं. ते आले नाहीत की पप्पा उपदेश करायचे. शाळेतलाच आवाज, त्यामुळं मागच्या बाकावरची माणसंही हातातलं खाली ठेवून ऐकायची. मी परदेशात आल्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि पगार, तब्येत, हवा काहीही न विचारता ते विचारतात, "आज बोललास का?" म्हणजे शास्त्रावर. इतकी वर्षं मी सांगत आलो, आज काका बोलले. त्यावर ते नुसतं बरं म्हणायचे. त्यांच्या त्या "बरं" मध्ये उत्तरपत्रिका खाली ठेवल्यासारखा आवाज यायचा.

तर काकांच्या जाण्याची बातमी कळली त्या शुक्रवारी पप्पांनी विचारलं, बोललास का. माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, आता मीच बोलणार. मला लीडर केलंय."

का निघालं ते मला विचारू नका. माझी बायको समोरच भेंडी चिरत बसली होती. तिनं सुरी थांबवली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चिरायला लागली. फोन संपल्यावर म्हणाली, "केलंय?" मी म्हणालो, करतीलच. ती म्हणाली, "त्या ऑडिटरनी ऐकलं नाही म्हणजे मिळवली."

ऑडिटर म्हणजे आमच्या गटातला दुसरा उमेदवार. मूळचा नाशिकचा, अल गराफ्यात राहणारा, तीन मुद्द्यांशिवाय पाणीही न पिणारा. कुठलंही वचन द्या, त्याचे तो उभ्या उभ्या तीन मुद्दे पाडणार आणि तिसऱ्यावर आवाज भरून आणणार. माणूस म्हणून चांगला. तोच त्याच्यातला त्रासदायक भाग.

इकडं गावात पप्पांनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं की त्यांच्या मुलाला कतारच्या मंडळीनं पुढारी नेमलंय. लोकांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. पप्पांनी पेढे वाटले. आणि मला कळवलं की पुढच्या शुक्रवारी ते व्हिडिओ कॉलवरून हा समारंभ बघणार आहेत. म्हणजे काकांच्या निरोपाचा शुक्रवार. त्या दिवशी काका जाहीर करणार होते की पुढं शास्त्रपाठ कोण घेणार.

आता बघा, त्या आठवड्यासाठी काकांनी दिलेला भाग कोणता. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागेवर बसू नका, शेवटल्या जागेवर बसा, म्हणजे बोलावणारा येईल आणि तुम्हाला वर घेऊन जाईल, असा तो दाखला. गटाच्या ग्रुपवर काकांनी तेवढ्याच ओळींचा फोटो टाकला होता. मी तो वाचला आणि आनंदानं खुर्चीत गरकन फिरलो. हा तर राजमार्ग होता. शेवटच्या जागेवर बसायचं, काका येणार, हाताला धरून वर नेणार, पप्पा बघणार. शास्त्रानंच सांगितलेला मार्ग, त्यात माझी काही लबाडी नाही.

मी बुधवारी रंगीत तालीम करून टाकली. आमच्या खात्याच्या कतारी साहेबांनी घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांची मजलिस म्हणजे लांबलचक दिवाणखाना, भिंतीकडेनं बैठका, आणि मान जसजसा कमी होत जातो तसतसा माणूस दाराकडं सरकत जातो. मी सगळ्यांच्या आधी पोचून थेट दारालगत, चपलांच्या वासात बसलो. साहेब पलीकडच्या टोकाला. मी मान खाली घालून, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं बघत वाट पाहत होतो. आपल्या पद्धतीनं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

बोलावणं आलं. ते साहेबांचं नव्हतं. कॉफी देणारा गडी अदबीनं वाकला आणि म्हणाला, भाई, ड्रायव्हर लोगों का खाना उधर लगा है. मी नम्रतेच्या इतका आत शिरलो होतो की मला नाही म्हणता येईना. उठलो आणि गेलो. बाजूच्या खोलीत सगळ्या पाहुण्यांचे ड्रायव्हर एका मोठ्या थाळीभोवती बसले होते. त्यांनी सरकून जागा केली. मटण असं शिजलं होतं की हाडाला हात लावला तर ते आपणहून बाजूला व्हायचं. एक पेशावरचा माणूस आपल्या साहेबाच्या घोरण्याची नक्कल करत होता, एक केरळी त्याला वरचा सूर देत होता. मी हसता हसता भात नाकात घातला. इतकी चांगली संध्याकाळ मला दोह्यात क्वचित मिळाली आहे. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात जरा दुखावून म्हणाले, तू आला नाहीस. आलो होतो हे सिद्ध करायला मला काय सांगावं लागेल याचा विचार केला आणि मी माफी मागितली.

यातून शहाणा माणूस काहीतरी शिकला असता. मी एवढंच शिकलो की जागा बरोबर होती, लोक चुकीचे होते. मराठी मंडळीत हे चालेल.

शुक्रवारी काकांच्या घरी मी वेळेच्या बराच आधी पोचलो. घर जवळजवळ रिकामं झालेलं. खोकी बांधून भिंतीला लावलेली, काही प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध तो अवाढव्य मरून सोफा, जो दारातून आत कसा आला हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळं बाहेर कसा न्यायचा तेही ठरत नव्हतं. आत एसी. बाहेरच्या चिंचोळ्या बोळात चपलांचं कपाट आणि जूनमधली दुपार. शेवटची जागा म्हणजे ते कपाटच, यात शंका नव्हती.

कपाटावर ऑडिटर बसला होता.

"या ब्रदर," तो घामाघूम होऊन हसत म्हणाला. "आत बसा तुम्ही. सोफा मोकळा आहे."

मी म्हणालो, छे छे, तुम्ही बसा आत, मी इथं बरा. तो म्हणाला, माझी लायकीच इथली. मी म्हणालो, असं कसं, तुमच्यापेक्षा माझी लायकी कमी. असं आम्ही दोघं आपापली लायकी उतरवत असताना बाकीचे येत गेले. सगळ्यांनी तोच फोटो वाचला होता. हमद हॉस्पिटलमधल्या दोन नर्स आल्या आणि चपला काढून तिथंच भिंतीला टेकल्या. एक नवराबायको आले आणि उंबऱ्यावर बसले. मागून येणाऱ्यांना वाट उरली नाही, तरी ते म्हणायला लागले, आम्ही मागेच ठीक आहोत. आत एसी रिकाम्या सोफ्याला थंड करत होता आणि बाहेर बोळात दोह्यातली सगळी मराठी मंडळी एकमेकांच्या कोपरात कोपर घालून नम्र झाली होती.

मला एकदम सुचलं की या सगळ्यांच्याही खाली एक जागा आहे. मी बोळाच्या टोकाच्या दारातून बाहेर जाऊन उन्हातल्या पायरीवर बसलो. ऑडिटरनं वाकून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो उठला, बाहेर आला आणि पायरीपलीकडं कचऱ्याच्या डब्याला पाठ लावून बसला.

आत काकांना काही दिसेना. ते स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होते की लोक आले की नाही. माझी बायको बिर्याणीचं भांडं डोक्याच्या पातळीवर धरून त्या गर्दीतून आत गेली, ते कुठं तरी ठेवलं आणि त्याच वेळी तिच्या पर्समधल्या माझ्या फोनवर पप्पांचा कॉल आला. दोन्ही हात तेलकट. तिनं कॉल घेतला आणि फोन समोर दिसली त्या एकमेव मोकळ्या जागेवर, सोफ्याच्या मधोमध, उशीला टेकवून ठेवला.

"सलाम," पप्पांचा शाळेतला आवाज रिकाम्या खोलीत घुमला. "सलाम सगळ्यांना. कुठं गेले सगळे? आमचा पुढारी कुठाय?"

बोळातल्या माना एकदम वळल्या. काका स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले, सोफ्यासमोर थांबले आणि वाकून म्हणाले, "सलाम, मास्तर. पुढारी कोण?"

पप्पांनी सांगितलं. भर उत्साहात, जरा जोरानंच. मला लीडर नेमल्याबद्दल त्यांनी काकांचे आणि सगळ्या मंडळीचे आभार मानले. उपकारस्तुतीची प्रार्थना झाल्याचं सांगितलं. पेढे वाटल्याचंही सांगितलं. मी पायरीवरून सगळं ऐकत होतो. बोळातली माणसं आधी सोफ्याकडं वळली होती, आता ती हळूहळू माझ्याकडं वळली. ऑडिटर कचऱ्याच्या डब्यापाशी उठून उभा राहिला होता.

लोक बाजूला झाले. जिथून मघाशी मुंगी जात नव्हती तिथून मला चांगली प्रशस्त वाट मिळाली, आणि फोनमधून पप्पांना थेट पायरीवरचं ऊन दिसायला लागलं. मी घामानं निथळत सोफ्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"पप्पा," मी म्हणालो, "कुणी नेमलेलं नाही. मीच मला नेमलं होतं."

पप्पांचा चेहरा थिजला. खरंच थिजला, नेटवर्क गेलं होतं. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर, चष्म्यात खिडकीचा चौकोन. हे रागावणं होतं, रडणं होतं की शिंकेची सुरुवात, काही कळायला मार्ग नव्हता. काका वाकून बघत होते, नर्स वाकून बघत होत्या. उंबऱ्यावरच्या बाई हळूच म्हणाल्या, गोळी तर घेतात ना वेळेवर? मला ते अर्धं उघडं तोंड बघवेना आणि नजरही काढवेना. सगळ्या गावासमोर या माणसानं माझं नाव घेतलं होतं, आणि मी त्यांच्या हातात काय ठेवलं होतं ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

मग चेहरा हलला. ते बोलतच होते, मधलं सगळं हरवलं होतं.

"...आणि बाहेर काहून बसलावता उन्हात? सगळेच बाहेर काहून बसलेत?"

काकांनीच सांगितलं, हसू आवरत. दाखला, फोटो, चपलांचं कपाट, पायरी, कचऱ्याचा डबा. पप्पा ऐकत गेले. मग त्यांनी चष्मा काढला आणि शाळेत फळा पुसल्यावर विचारायचे तसं विचारलं, "पुढं वाचलं का?"

पुढं काय आहे ते कुणी वाचलं नव्हतं. फोटो तिथंच संपत होता.

"मंग वाचा की," ते म्हणाले. "आधी हे बघा की हे कुणाला सांगितलंय. तिथं सगळे पाव्हणे जागा धरायला पळत होते, म्हणून त्यांना सांगितलं. तुम्ही काय केलं, तर शेवटच्या जागेसाठी पहिला नंबर लावायला पळालात. पळणं काही सुटलं नाही तुमचं. आता पुढच्या ओळीत बघा, पाव्हण्यांचं संपलं की प्रभू कुणाकडं वळलेत?"

एका नर्सनं मोबाइलवर काढून सांगितलं, बोलावणाऱ्याकडं. पप्पा म्हणाले, शाब्बास. आणि त्याला काय सांगितलं? जे तुला परत बोलावू शकत नाहीत त्यांना जेवायला बोलाव. "म्हणजे जागेचा प्रश्नच मिटला की रे. सगळी पंगत जर अशा माणसांची असंल, तर वर कोण आन् खाली कोण?"

कुणीतरी खाली बसलं. मग सगळेच सोफ्याभोवती जमिनीवर बसले, एसीच्या गार हवेत, फोनकडं तोंड करून. काकांनी विचारलं, पण मास्तर, आम्ही इथं परमुलखात, कुणाला बोलवायचं? पप्पांनी उलट विचारलं, तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यात कोण भेटतं. कुणी बसचा ड्रायव्हर म्हणालं, कुणी इमारतीचा रखवालदार. मला बुधवारची थाळी आठवली आणि मी ती गोष्ट सांगितली, सगळी, भात नाकात गेल्यासकट. पप्पा इतके हसले की त्यांच्या हातून फोन पडला आणि आम्हाला बराच वेळ आमच्या घरचं छप्पर दिसत राहिलं. छपरामागून त्यांचा आवाज आला, "म्हंजे त्यांनी तुला बोलावलं. तुला बिनकामाचा पाव्हणा म्हणून जेवू घातलं. आन् तू समजतोस धडा फसला."

बिर्याणी गार झाली. कुणी उठेना. ऑडिटरनं एक अवघड प्रश्न विचारला, पप्पांनी त्याला वेड्यात न काढता तो सोडवला, आणि ऑडिटरनं, मी शपथेवर सांगतो, एकही मुद्दा पाडला नाही.

शेवटी काका गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "मी आज कुणाचं नाव घेणार होतो ते आता मीच विसरलो. सोफ्यावर जे बसलेत तेच बरे वाटतायत मला."

पप्पा चपापले. ते म्हणायला लागले, मला काय समजतंय, मी म्हातारा, पोराला करा. काका म्हणाले, पोराला नंतर बघू. ऑडिटर उभा राहिला आणि आता मात्र त्यानं तीन कारणं दिली. मग काकांनी माझ्याकडं वळून माझं काय मत आहे ते विचारलं.

ज्या खुर्चीसाठी मी आठवडाभर खाली खाली सरकत होतो, तिच्यावर माझे वडील उशीला टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता. शाळेतल्या आवाजाचा माणूस लाजला होता. मी फक्त मान हलवली. ती त्यांना दिसली नाही, म्हणून बायको म्हणाली, "पप्पा, हे हो म्हणतायत."

"बरं," पप्पा म्हणाले. हे ते उत्तरपत्रिकेचं बरं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण त्यो फोन दर शुक्रवारी कोण धरणार? उशीवरून घसरतोय."

यावर मतदान झालं नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

जेवणं झाली, लोक पांगले, काका खोक्यांवर पत्ते लिहायला बसले. मी पप्पांना घेऊन बाहेर पायरीवर आलो आणि म्हणालो, मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते म्हणाले, कळलं ते.

"पेढ्यांचं काय करावं म्हणतो मी," ते म्हणाले. "लोकांनी खाल्ले. परत कसे मागायचे?"

मी म्हणालो, रविवारी मीच कॉलवरून सगळ्यांसमोर सांगतो.

"तू काही सांगू नको," पप्पा म्हणाले. "तू बोलायला लागला की वाढतं. मी उभा राहून सांगतो, मान आपल्याच घरात आलाय. थोडा पत्ता चुकला, एवढंच." आणि मग, फोन ठेवता ठेवता, चोरून आनंद झालेल्या माणसासारखं हळू आवाजात, "पुढच्या शुक्रवारी मी कोट घालू का रे?"